न बोलणाऱ्यांपैकी एक

सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि दीडला राहुकाळ लागत होता, म्हणजे नकार कळवायला त्रिपुरसुंदरीबाईंच्या हाताशी दोन तास पुरते होते. नकाराला एवढा वेळ लागत नाही. त्यांनी चष्मा चढवला, खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या, मुलाच्या आत्याचा नंबर काढला, आणि आता बोट टेकवणार एवढ्यात मागून नात म्हणाली, "अज्जी, थांब. फोन लावू नकोस. मला तो चालेल." मग जराशाने, "चालेल म्हणजे, हवाय."

बोट अधांतरीच राहिले. "नको" हा शब्द या घरात त्यांच्या तोंडून बाहेर पडत असे. बाहेरून आत, त्यांच्या कानांकडे येण्याची त्याला सवय नव्हती. मुलींच्या शाळेत एकोणीस वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसलेल्या बाई त्या. पती राघोत्तमराव जाऊन नऊ वर्षे झाली, मुलगा बालाजीराव साठीला टेकला, तरी मद्रासमधल्या नुंगंबाक्कमच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पडदे कोणत्या रंगाचे असावेत इथपासून नातीचे लग्न कुठे व्हावे इथपर्यंत शेवटचा शब्द त्यांचा. आणि रविवारी मुलाकडची माणसे बघून गेल्यावर तो शब्द त्यांनी उच्चारलाही होता. सहाना तेव्हा काही बोलली नव्हती. चार दिवस बोलली नव्हती. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात ती कंपनीच्या बसने जाई, थकून येई, जेवे, झोपे. आज गुरुवार, घरूनच काम करण्याचा दिवस, म्हणून हे ऐकावे लागत होते.

"पन्नास मिनिटं बसला होता इथे," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. "मी घड्याळ बघत होते. अस्कं मिळून अकरा शब्द बोलला. त्यातले तीन 'कॉफी छान आहे'."

"छानच होती ती. खोटं तरी नाही बोलला."

"घुम्या आहे."

"घुम्या नाही, अज्जी. दांदेरे. तुला माहीत आहे की."

माहीत होते, हीच तर पंचाईत होती. गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अडीच महिने त्या पलंगाला खिळल्या होत्या, आणि रोज दुपारी सहाना टॅबलेट घेऊन त्यांच्या उशाशी बसे. जपानी चित्रमालिका. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "बशीएवढे डोळे आणि नाकाच्या जागी एक टिंब, ही काय माणसं झाली?" चौथ्या दिवशी त्यांनी आपण होऊन विचारले होते, "त्या छत्रीवाल्या मुलाचं पुढे काय झालं?" सहाना आणि तिची मैत्रीण श्रीनिधी यांचा एक खेळ होता. मालिका कोणतीही असो, तिच्यातला प्रेमात पडणारा माणूस चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवायचे आणि मग त्याला गुण द्यायचे. जो वर खेकसतो आणि आत विरघळतो तो त्सुंदेरे. जो बर्फासारखा थंड, ज्याचा चेहरा हलत नाही, तो कुदेरे. जो लाजेने, भीतीने बोलतच नाही आणि एखाद्याच माणसापाशी हळूहळू उघडतो तो दांदेरे. आणि जो पहिल्या क्षणापासून प्रेमाचा डंका पिटत फिरतो तो देरेदेरे. श्रीनिधी फोनवरून गुण देई, सहाना पलंगावर बसून, आणि तिसरे परीक्षक म्हणून त्रिपुरसुंदरीबाई, ज्यांनी दहापैकी सहाच्या वर कधी कोणाला दिले नाहीत. देरेदेरेंवर तर त्यांचा विशेष राग. "असला जावई घरात आला की महिन्याभरात सासूच्या कपाटाच्या किल्ल्या मागेल," असे त्यांनी एका सोनेरी केसांच्या, सदा हसणाऱ्या मुलाबद्दल सांगितले होते, आणि श्रीनिधी फोनमध्ये ठसका लागेपर्यंत हसली होती. त्यांना मनापासून आवडायच्या त्या खेकसणाऱ्या मुली. "हिला घर सांभाळता येईल," त्या म्हणायच्या. मुली एकमेकींत काहीतरी पुटपुटायच्या, ते त्यांनी कधी विचारले नाही. सहानाचा पहिला क्रमांक मात्र ठरलेला. शेवटच्या बाकावर बसणारा, ओठांपर्यंत आलेला शब्द गिळणारा कोणीतरी. दर मालिकेत तोच. त्रिपुरसुंदरीबाई तेव्हाही म्हणाल्या होत्या, पडद्यावर ठीक आहे, तिथे पंचविसाव्या मिनिटाला संगीत वाजतं आणि त्याला वाचा फुटते. घरात संगीत कोण वाजवणार?

"ते खेळणं होतं, सहाना. हे लग्न आहे."

"मला अठ्ठावीस पुरी झाली, अज्जी. मला काय आवडतं ते त्या खेळातच मला कळलं, मग ते खेळणं कसं?" ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, पण आवाज लहानपणीचा नव्हता. "बोलणारे तीन बघितले ना आपण? एकाने स्वतःचा पगार सांगितला, एकाने माझा विचारला, आणि तो तिसरा तुझ्याशीच पाऊण तास बोलत होता. तुला भोव आवडला होता तो."

"विनयशील होता."

"तुझी शाळा, तुझी शिस्त, तुझी साडी. सेरी, मग तूच कर त्याच्याशी लग्न."

"सहाना!"

"चुकलं. पण ऐक. तू नाही म्हणालीस तर मी भांडणार नाही. बाबांनाही मधे घालणार नाही. नकार कळव. फक्त का ते मला खरं सांग. 'घुम्या आहे' हे कारण नाही, अज्जी. आपले अज्जा तरी कुठे बोलायचे? ते तर पक्के दांदेरे. आणि तू…" ती उठली, हसली, "तू कोण ते श्रीनिधीला विचार." आतून संगणकाची घंटी वाजली, तिची मीटिंग सुरू होत होती. "एक वाजता येते," असे म्हणून तिने दार लोटले, आणि त्रिपुरसुंदरीबाई फोन हातात धरून राहिल्या.

कारण होते. खरेच होते, आणि ते नातीला सांगता येण्यासारखे नव्हते. पन्नास वर्षे ज्या माणसाबरोबर संसार केला तो आपल्याशी बोललाच नाही, हे कसे सांगणार? वाईट वागला असता तर सांगता आले असते. राघोत्तमराव नकाशे काढण्याच्या खात्यात होते. पेन्सिलीला टोक करावे तसे जपून एखादा शब्द काढत आणि पुन्हा खिशात ठेवत. त्रिपुरसुंदरीबाईंना मुख्याध्यापिकेचे पत्र आले त्या दिवशी त्यांनी ते दोनदा वाचले, घडी होती तशीच घातली, आणि त्या काही ऐकायला मिळेल म्हणून उभ्या होत्या तोवर ते बाजारात निघून गेले. बालाजीचा जन्म झाला तेव्हा पाळण्याशी उभे राहून त्यांनी एवढेच विचारले होते, "झोप झाली का?" आणि ते आपल्याला विचारले की बाळाला हेही त्यांना कळले नव्हते. सावरलेले, नीटनेटके, कोरडे घर. त्या स्वतः मात्र शब्दांच्या बाई. सबंध शाळा त्यांच्या आवाजावर चालायची आणि घरी आले की तो आवाज भिंतींना लागून परत यायचा. आपण या माणसाला आवडलो की नाही, हा प्रश्न त्यांनी तिशीत विचारायचा ठरवला, चाळिशीत विचारायचा सोडून दिला, आणि नऊ वर्षांपूर्वी इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीवर त्याचे उत्तर कायमचे मिटले. नातीने तेच पुन्हा भोगू नये, एवढेच त्यांना हवे होते. नकार तिच्यासाठी होता. पण तो द्यायचा तर हे उलगडून तिच्यापुढे ठेवावे लागणार, आणि ज्या अज्जाच्या फोटोला सहाना परीक्षेच्या दिवशी अजून हात जोडून जाते, त्या फोटोचे मग काय होणार?

पक्के दांदेरे. काय शब्द आहे. मुलीने तो किती हलकेपणी टाकला, जणू राघोत्तमराव म्हणजे शेवटच्या बाकावरचा तो मुलगा. त्रिपुरसुंदरीबाईंनी उगाच, जरा रागानेच, त्या मालिकांतली ती सगळी न बोलणारी पोरे डोळ्यांपुढे आणली. काय करायची ती? बोलायची नाहीत, पण काहीतरी करायची. आणि केलेले झाकून ठेवायची. समोरच्या मुलीला वाटायचे, हा आपल्याला टाळतो, आणि पाहणाऱ्यांना मात्र सगळे दिसत असायचे. त्या स्वतः पलंगावरून ओरडल्या होत्या एकदा, "अगं वेडे, बघ की जरा!" तेव्हा सहाना त्यांच्याकडे बघून हसली होती. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. कारण आता त्यांना केळीचे पान दिसत होते.

तंजावरचे ते सासरघर, एकोणीस खाणारी तोंडे, आणि सासूबाई सकवारबाईंच्या हातात वाढप. पुरुषांची पंगत आधी, मग मुले, मग म्हाताऱ्या, आणि सर्वांत शेवटी सुना. सुनेने नवऱ्याच्या जेवल्या पानावर बसायचे, हा रिवाज. पुरुष उठताना पान मिटत नसत, बायकोसाठी उघडे ठेवून उठत. सणावाराला गोड असे ते सुनांपर्यंत पोचायचे नाही. परात तोवर पुसल्यासारखी झालेली असायची, आणि सुनांनी मागायचेही नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या घरात गेलेल्या त्रिपुरसुंदरीला पहिल्या सणाला पुरणाच्या पोळ्या करायला बसवले होते. पाटावर बसून ऐंशी पोळ्या. मग रांगेच्या शेवटी ती राघोत्तमच्या पानावर येऊन बसली, आणि पानाच्या वरच्या कडेला अर्धी पोळी तशीच होती. टाकलेली. नंतर प्रत्येक सणाला तेच. सगळे पान साफ, आणि वर अर्धी पोळी, किंवा एक अख्खा वडा, किंवा लाडवाचा अर्धा तुकडा. सकवारबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. चार माणसांत त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या हातचं त्याच्या घशाखाली उतरत नाही गं. तुझ्या आईने शिकवलं तरी काय?" त्या दिवशी पाटावर बसून, डोळ्यांतले पाणी पापणीच्या आत अडवून, ती टाकलेली पोळी तिने खाल्ली, आणि मनात लिहून ठेवले: हा माणूस मला नाकारतो, आणि तेही पंगतीत. सहा वर्षे. पुरण तिने अधिक घोटले, कणीक अधिक तिंबली, वेलदोडा वाढवला, कमी केला. अर्धी पोळी वर राहिलीच. पुढे बदली होऊन ती दोघे मद्रासला आली, स्टीलची दोन ताटे घेतली, एकत्र जेवायला बसू लागली, आणि पहिल्याच सणाला राघोत्तमने चार पोळ्या खाल्ल्या. चवीने, बोटे चाटून. तिला वाटले, आता आपला हात बसला. नाहीतर इथल्या पाण्याचा गुण.

त्रिपुरसुंदरीबाई खुर्चीत बसून त्या पोळीकडे बघत होत्या. पंचावन्नाहून अधिक वर्षांनी ती इतकी स्वच्छ दिसेल असे त्यांना वाटले नव्हते. तिला दाताची खूण नव्हती. खाऊन टाकलेली पोळी नव्हती ती. हाताने, मधोमध, जेवायला सुरुवात करण्याआधी मोडून ठेवलेली. तुपाची बाजू वर. सांबाराचा ओघळ पोचू नये अशा अंतरावर, पानाच्या अगदी उंच कडेला. नकाशे काढणाऱ्या माणसाने ठेवावी तशी. उष्ट्या पानावर एकच गोष्ट उष्टी नव्हती, आणि ती तिच्यासाठी होती. एक शब्द जरी तो बोलला असता तर सकवारबाईंनी ते तिथल्या तिथे थांबवले असते; सुनेचे कोडकौतुक त्या घरात चालत नव्हते. म्हणून तो आईची बोलणी ऐकत राहिला, बायकोचा राग झेलत राहिला, भर पंगतीत पोळीच्या वासाने तोंडाला पाणी सुटलेले असताना अर्धी बाजूला ठेवत राहिला. आणि ती वेडी मनात त्याचा अपमान साठवत, दर सणाला त्याचे प्रेम गिळत राहिली. अगं वेडे, बघ की जरा. पलंगावरून ओरडणे किती सोपे होते.

छातीत काहीतरी सैल झाले. प्रथम त्यांना वाटले रक्तदाब; मग कळले की हे रडू आहे, आणि ते दुःखाचे नाही. शहाण्णव घरांच्या या इमारतीत खाली कोणीतरी गाडी मागे घेत होते, आतून सहानाचा इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता, आणि त्रिपुरसुंदरीबाई एका मेलेल्या माणसाचे, मनातल्या मनात, न बोलण्याच्या ज्या भाषेत त्यांनी कधी कोणाचे मानले नव्हते त्या भाषेत, आभार मानत होत्या. बशीएवढ्या डोळ्यांच्या त्या पोरांचेही. पण मुख्याध्यापिका त्यांच्यातून पूर्ण गेली नव्हती, आणि तिने लगेच विचारले: मद्रासला आल्यावर का नाही सांगितले? तिथे कोण सासू होती? चाळीस वर्षे एका टेबलाशी जेवलो. प्रेम केले हे कबूल, पण मला उपाशी ठेवले हेही खरे. हे दोन्ही नातीच्या पदरात घालायचे का? अर्ध्या पोळीवर मुलीने जगावे का? याचे उत्तर फोटो देणार नव्हता. ज्याच्याबद्दल प्रश्न होता तो जिवंत होता, आणि आत्याच्या नंबराखालीच त्याचा नंबर होता. मुलीकडच्यांनी थेट मुलाला फोन करायचा, ही रीत नव्हती. त्यांनी केला.

रघुराम सरकारी खात्यात किनाऱ्याची मोजणी करायचा, समुद्र दरवर्षी किती आत येतो त्याची. फोन उचलला गेला तेव्हा पलीकडे वारा होता, कोंबडी ओरडावी तसे कुठलेसे यंत्र, आणि बोटी ओढणाऱ्या माणसांचा गलका.

"मी सहानाची अज्जी. कुठे आहात?"

"नमस्कार, अज्जी. कोवलमला."

"कामात आहात?"

"आहे. पण… बोला."

"रविवारी सहानाने तुम्हाला विचारलं होतं, राग कशाचा येतो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ते मला हवं आहे."

वारा. नुसता वारा. नेहमीच्या सवयीने त्यांच्या ओठांवर आलेच होते, "ऐकू येतंय का?", "येत नसेल राग, ठीक आहे," "संकोच करू नका." तीन वाक्ये एकामागून एक दाराशी येऊन उभी राहिली. त्रिपुरसुंदरीबाईंनी ओठ आवळले. शांतता म्हणजे कोणीतरी उत्तर विसरले आहे, असे त्या आयुष्यभर मानत आल्या होत्या. वर्गात अशी शांतता पडली की त्या पुढच्या मुलीकडे वळत. आता वळायला पुढची मुलगी नव्हती. लाट येऊन गेल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. त्या शांततेत कोणीतरी श्वास घेत होते, शब्द उचलून बघत होते, पुन्हा खाली ठेवत होते. ती रिकामी नव्हती.

"येतो," तो म्हणाला. "रविवारीच आला होता."

त्या थांबल्या.

"मी बोलायला लागलो की जरा वेळ लागतो. अर्धं वाक्य होतं, तोवर कोणीतरी ते पुरं करून टाकतं. त्याचा येतो. रविवारी मी चार वाक्यं सुरू केली होती, अज्जी. चारही तुम्ही पुरी केलीत." वाऱ्याने फोन खरखरला. "तिसरं तर उलटंच झालं. मी म्हणत होतो, काम फिरतीचं आहे, त्यामुळे… आणि तुम्ही म्हणालात, त्यामुळे घराकडे लक्ष देता येत नाही."

"मग काय म्हणायचं होतं?"

"फिरतीचं आहे, त्यामुळे स्वयंपाक येतो. असं."

एकोणीस वर्षे मुख्याध्यापिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वय, आणि कोवलमच्या वाळूत उभा राहून एक पोरगा त्यांना त्यांची चूक दाखवत होता. राग यायला हवा होता. तो आलाच नाही. त्याच्या जागी एक संध्याकाळ आली, मद्रासची, पहिल्या वर्षातली. ताटात चौथी पोळी पडल्यावर राघोत्तम मान वर करून म्हणाला होता, "तिकडे मी…" आणि तिने हसत, झटपट, पुढचे सांगून टाकले होते, "तिकडे खात नव्हतात, इथे खाता. पाण्याचा गुण!" तो तिच्याकडे बघत राहिला होता. मग त्यानेही हसून मान हलवली आणि घास घेतला. म्हणजे तो सांगत होता. एकदा तरी सांगायला निघाला होता. आणखी किती वाक्ये अशी निघाली असतील आणि तिच्या आवाजाखाली येऊन थांबली असतील, देव जाणे. आणि तरी तो शेवटपर्यंत त्या आवाजापाशी राहिला, त्यातच त्याला घर सापडले होते.

"अज्जी? मी जास्त बोललो का?"

"नाही." त्या खुर्चीत ताठ झाल्या. "ऐका, रघुराम. शनिवारी सकाळी आईवडिलांना घेऊन या. मागणी तुमच्या आत्याने घालायची नाही, तुम्ही घालायची. स्वतःच्या तोंडाने. लागेल तेवढा वेळ घ्या, माझ्या घरात कोणी मधे बोलणार नाही. मीही नाही. आणि माझी नात तुमच्याशी बोलायला लागली की लवकर थांबत नाही, तिला थांबवायचं नाही. पण रोज एक वाक्य तरी तुम्ही तिला पुरं ऐकवायचं. मनात ठेवायचं नाही, ताटाच्या कडेला तर मुळीच नाही. कबूल?"

त्याला शेवटचे कळले नसणार. तरी तो म्हणाला, "कबूल." मग थोडे थांबून, "थँक्स अज्जी. मला वाटलं होतं, नाही म्हणणार."

"म्हणणारच होते."

आतले दार उघडले. सहाना उंबऱ्यात उभी होती. अज्जीचा ओला चेहरा आणि कानाला लागलेला फोन बघून तिचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. तिच्या डोळ्यांत प्रश्न आणि भीती दोन्ही होते. त्रिपुरसुंदरीबाईंनी तिच्याकडे पाहिले, हुकूम द्यावा तशी मान एकदाच, खालवर हलवली, आणि बोट ओठांवर ठेवून तिला जवळ बसण्याची खूण केली. फोनमध्ये रघुराम पुन्हा बोलू लागला होता. "अज्जी, सहानाला सांगा की…" तो म्हणाला आणि अडला. वारा वाहत होता. पुढचे काय असेल याच्या पाच-सहा शक्यता त्रिपुरसुंदरीबाईंना लगेच सुचल्या, सगळ्या चांगल्या, सगळ्या नीट बांधलेल्या. त्यातली एकही त्यांनी उच्चारली नाही. फोन नातीच्या कानाला लावला, स्वतःचा कान त्याला बाहेरून टेकवला, आणि दोघी ऐकत बसल्या.